एका नाशपातीची दोन नावे

बॉस्टनजवळच्या आमच्या घरामागे नाशपाती लावायचे ठरले, तेव्हा तिला नीट फळ धरण्यासाठी दुसऱ्या जातीचे परागकण लागतात, एवढेच मला ठाऊक होते. शनिवारच्या बाजारात रोपे विकणाऱ्या एका गृहस्थाने ते हेरले आणि ४५ डॉलरच्या ‘बार्टलेट’च्या जोडीला ‘विल्यम्स’ हे ‘दुर्मीळ, जुने इंग्रजी वाण’ ११० डॉलरला माझ्या गळ्यात मारले. कोकणात हापूसचे कलम घेताना वडील जोडाची गाठ बोटांनी चाचपत, म्हणून मीही ती चाचपली. नावाची चौकशी करण्याचे मात्र सुचले नाही.

चौथ्या वसंतात दोन्ही झाडे एकाच आठवड्यात फुलली आणि ऑगस्टअखेर दोन्हींची मिळून सात फळे हाती आली. विक्रेत्याने आधी थंडीला, मग मधमाश्यांना दोष दिला. ही नाशपाती झाडावर पिकू दिल्यास आतून आधी मऊ पडते, त्यामुळे फळे टणक असतानाच उतरवून घरात पिकवली आणि दोन्ही झाडांचे एकेक फळ एकाच ताटलीत कापले. घंटेसारखा तोच आकार, हिरव्याची पिवळी होणारी तीच पातळ साल, कस्तुरीकडे झुकणारा तोच वास, मनगटापर्यंत ओघळणारा तोच रस. फळ अप्रतिम होते, हे रागातही कबूल करावे लागते.

मग शोध घेतला. हे वाण अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये बर्कशायरच्या आल्डरमास्टन गावी सापडले आणि विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्याने ते पसरवले. त्याची झाडे अमेरिकेत रॉक्सबरीला आली. पुढे ती झाडे असलेली जमीन विकत घेणाऱ्या एनॉक बार्टलेट यांना मूळ नाव ठाऊक नसल्याने त्यांनी ते स्वतःच्या नावाने वाटले. १८२८ च्या सुमारास युरोपातून नवी झाडे आली, तेव्हा दोन्ही एकच असल्याचे उघड झाले. बार्टलेट यांची ती नकळत झालेली चूक होती. माझ्या विक्रेत्याने तिचा धंदा केला. कलमाने वाढवलेली ही सारी झाडे मुळात एकच झाड असल्यामुळे माझी जोडी एकमेकांच्या फारशी उपयोगाची नव्हतीच.

पैसे परत मागितल्यावर तो बाजारात दिसेनासा झाला. जोडीचे रोप घेताना त्या वाणाची इतर सर्व नावे आधी विचारावीत. बार्टलेटला परागकणांसाठी बॉस्क किंवा आंजू या जातीची नाशपाती चालते. सेकेल मात्र चालत नाही, मग ते कोणी कितीही गळी उतरवो. येत्या वसंताच्या तोंडावर त्या ११० डॉलरच्या झाडावर मी बॉस्कच्या काडीचे कलम बांधणार आहे.