कोर्टातली वाढीव रक्कम काढताना माझे १,०८,१४७ रुपये गेले. दरखास्तदारांनो, वाचा

ज्यांची जमीन तलावात, कालव्यात किंवा रस्त्यात गेली आहे आणि वाढीव मोबदल्याचे पैसे कोर्टात जमा होऊन पडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मनापासून सांगायचं तर लिहायची लाज वाटते. पण गप्प बसल्याचा परिणाम काय झाला तो पुढे येईलच.

आमची ८१ आर जमीन १९९६ साली पाझर तलावात गेली. वडिलांनी भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज केला. २०११ ला निकाल आपल्या बाजूने लागला, पण शासनाने पैसे भरले नाहीत म्हणून दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून द्या असा अर्ज, दाखल केली. २०१९ ला वडील गेले. वारस लावण्यात आणखी दीड वर्ष गेलं. ज्यांनी हे भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. शेवटी २०२४ च्या दिवाळीनंतर ६,८४,३१० रुपये कोर्टात जमा झाले आणि ११ फेब्रुवारी २०२५ ला रक्कम काढायच्या अर्जावर ऑर्डर झाली. २९ वर्षं. ऑर्डर झाली त्या रात्री आईने वडिलांच्या फोटोपुढे दिवा लावला होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी पावणेअकराला फोन आला. "नमस्कार सर, कोर्टातून बोलतोय, नाझर विभाग. काल शिवजयंतीची सुट्टी होती, म्हणून पेंडिंग पेमेंट आज काढायला घेतलीत." नाझर म्हणजे कोर्टातला पैशांचा व्यवहार बघणारा. मराठी आपल्याकडचंच, बोलणं सावकाश. मागे कुणीतरी नावं पुकारत होतं, अगदी कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहिल्यासारखं. त्याने आईचं नाव सांगितलं, माझं आणि दोन्ही बहिणींचं नाव सांगितलं, दरखास्तीचा नंबर, ऑर्डरची तारीख, रुपयापर्यंत रक्कम. मग सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, वाचून दाखवला, सोळाच्या सोळा अक्षरं-आकडे. माझ्या वहीत लिहिलेल्या नंबराशी मी एकेक अक्षर ताडून पाहिलं. बरोबर होतं. दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर ऑर्डरची पीडीएफ आली. तीही खरीच होती, साहेबांच्या सहीची.

इथेच मी फसलो, म्हणून हा मुद्दा नीट समजून घ्या. ही सगळी माहिती ईकोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांच्या सरकारी साइटवर कुणालाही दिसते. पक्षकाराचं नाव, तालुका आणि साल टाकलं की केस निघते. रोजनामा (कुठल्या तारखेला काय झालं त्याची नोंद) निघतो, ऑर्डर निघते, पुढची तारीख निघते. आपल्यासारख्या माणसाला तारखेसाठी तालुक्याला खेटे घालायला लागू नयेत म्हणून ही सोय झाली, आणि ती चांगलीच आहे. २०११ ला निकालाची नक्कल मिळवायला वडिलांना चार चकरा झाल्या होत्या. तीच ऑर्डर आज मी घरबसल्या वाचतो. पण मला वाचता येते तशी त्यालाही वाचता येते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ज्याला आपला सीएनआर माहीत आहे तो कोर्टाचा माणूस, असं मी धरून चाललो.

मी अडाणी नाही. शाळेत लिपिक आहे. दिवसभर शालार्थ आणि यूडायसच्या साइटवर काम करतो, गावातल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मीच भरून देतो. डिजिटल अरेस्टच्या बातम्याही वाचल्या होत्या. लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगपतीला २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटींना लुटलं, तेही वाचलं होतं. पण त्या सगळ्यांत माणसाला घाबरवतात. अटक, वॉरंट, ड्रग्ज. कुणी घाबरवलं तर फोन ठेवायचा, एवढं मी शिकून ठेवलं होतं. मला कुणी घाबरवलंच नाही. ज्या बातमीची मी २९ वर्षं वाट पाहत होतो तीच बातमी त्याने दिली. आणि कोर्ट व्हॉट्सॲपवर कसं येईल, असं मला विचारू नका. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीतच व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस निळ्या खुणा बघून बजावली गेली असं धरलं होतं. कोविडमध्ये आमची तारीख मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये झाली. नव्या फौजदारी कायद्यात समन्ससुद्धा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने काढता येतं. मग नाझर विभागाचा फोन खोटा का वाटावा?

पहिल्यांदा त्याने ५,५०० रुपये मागितले, "बंधपत्राचं ऑनलाइन फ्रँकिंग". बंधपत्र लागतं हे वकिलांनी सांगितलं होतं, म्हणून शंका आली नाही. क्यूआर कोड आला, मी ११:१२ ला पैसे भरले. स्क्रीनवर कुठल्याशा एंटरप्रायझेसचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, ईपेमेंटचं काम एजन्सीला दिलंय सर.

मग दुसरी रक्कम, ३४,२१६ रुपये. "एकूण रकमेवर पाच टक्के टीडीएस. आधी भरणा झाल्याशिवाय सिस्टीम व्हाउचर काढत नाही." आणि हाच तो क्षण. मी ओसरीवर बसलो होतो. कोड स्कॅन केला, तर एका माणसाचं नाव आलं. साधं नाव आणि आडनाव. सरकारी खात्याचं नाव नाही, बँकेचं नाही. माझा अंगठा पिनच्या आकड्यांवर थांबला. आई समोर तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "पैसे आपल्याला यायचेत ना रे? मग आपुनच का भरायलोत?"

७८ वर्षांची बाई, सही करता येत नाही, अंगठा लावते. तिला जे कळलं ते मला कळायला हवं होतं. टीडीएस म्हणजे देणाराच कापून घेतो. माझ्या पगारातून दर महिन्याला कापतात, आजवर कुणी आधी मागितला नाही. हे मला माहीत होतं, आणि तरी मी आईला म्हणालो, "तुला नाही कळायचं, आता सगळं ऑनलाइन झालंय." हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. तिने सूप परत उचललं, मी पिन टाकला. हमीभाव ४,८९२ असताना ४,०५० ने विकलेलं साडेआठ क्विंटल सोयाबीन त्या एका पिनमध्ये गेलं.

वकिलांना का विचारलं नाही? त्या दिवशी ते संभाजीनगरला खंडपीठात होते, फोन लागेना. शिवाय हा माणूस आधीच म्हणाला होता, "वकिलांना मध्ये घातलंत की टक्केवारी मागतील, बघा तुम्ही." भूसंपादनाच्या केसमध्ये टक्क्यावर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, तरी काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेही त्याला ठाऊक होतं. आपल्या मनातला वकिलाबद्दलचा संशय त्याने वापरला. माझ्या वकिलांनी कधी जास्तीचा रुपया मागितला नव्हता, हे इथे लिहिलंच पाहिजे.

तिसरी रक्कम ६८,४३१. "खाते पडताळणीची दहा टक्के अनामत, मूळ रकमेसोबत परत जमा होते." माझ्याकडे तेवढे नव्हते. थोरल्या बहिणीला फोन केला, तिने काही न विचारता ४०,००० पाठवले. १:०५ ला पगाराच्या खात्यातून भरले. मग "अर्ध्या तासात मेसेज येईल" म्हणाला, आणि नंबर बंद.

कोर्टाला जी फी लागते ती सरकारी ईपेवर किंवा राज्याच्या ग्रास पोर्टलवर भरतात आणि त्याचा जीआरएन, म्हणजे सरकारी पावतीचा नंबर मिळतो. जीआरएन नाही तर सरकारी भरणा नाही. साइटचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इनवर संपतो का ते बघा. कुणाच्याही वैयक्तिक क्यूआरवर कोर्ट पैसे घेत नाही.

साडेपाचला वकिलांचा उलटा फोन आला. मी आनंदाने सांगायला लागलो, ते गप्प झाले आणि म्हणाले, "लगेच १९३० लावा." ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. लावला. लाइन लागायला ३५ मिनिटं गेली. तक्रार घेतली, पोचक्रमांक दिला. नंतर कळलं की ११,३०० रुपये तेवढे एका खात्यात अडकवता आले, बाकी पुढच्या खात्यांत वाटून निघून गेले होते. दुपारी दीडलाच लावला असता तर? म्हणून सांगतो, शंका आली की आधी १९३०. वकील, मेहुणा, सरपंच, सगळे त्याच्यानंतर.

आता यंत्रणेबद्दल. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?" रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मी वाचून गेलो होतो. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही, पण ते आपण न केलेल्या व्यवहारासाठी. आपण स्वतः भरले की सुटका नाही. ठीक, नियम आहे. पण बोलताना मान वर करून बघायला काय जातं?

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा, जिल्ह्याला. ६२ किलोमीटर. तिथे म्हणाले, रक्कम छोटी आहे, तुमच्या ठाण्यात अर्ज द्या. परत ठाण्यात, तर पीआय साहेब बंदोबस्ताला. आयटी कायद्यातला तपास निरीक्षक किंवा त्याच्या वरचाच अधिकारी करतो, हे कलम ७८ मध्ये आहे, मान्य. पण तपासाची अट तक्रार नोंदवायला नसते. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती घ्यावी लागते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवा. मी तसंच केलं, तेव्हा १९ दिवसांनी एफआयआर झाली. त्या १९ दिवसांत मी शाळेच्या सात रजा घातल्या. मला "एवढे शिकलेले तुम्ही" हे वाक्य चार वेगवेगळ्या टेबलांवर ऐकावं लागलं. चोरी झालेल्या माणसाला कुणी असं म्हणतं का, की एवढं मोठं घर आणि कुलूप असं कसं?

सर्वांत जास्त राग कोर्टाच्या कार्यालयाचा आला. तिथले कर्मचारी म्हणाले, "ऑर्डर पब्लिक आहे. आमच्याकडून काही गेलेलं नाही." बरोबर आहे. न्यायालय उघडं असलं पाहिजे, माझंही तेच म्हणणं आहे. पण ईकोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झाले. जुने कागद स्कॅन होतात, ई-फाइलिंग होतं, ई-सेवा केंद्रं उघडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रीने आपल्या नावाच्या बनावट साइटबद्दल जानेवारी २०२५ मध्ये जाहीर इशाराही दिला. मग तालुक्याच्या कोर्टात नाझरच्या खिडकीवर "रक्कम मिळण्यासाठी फोनवर कुणालाही पैसे देऊ नका" असा एक मराठी कागद चिकटवायला काय लागतं? रक्कम काढायच्या ऑर्डरखाली हीच एक ओळ छापायला काय लागतं? मी लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्या तलावात २३ जणांच्या जमिनी गेल्या. त्यातल्या ११ दरखास्तींत एकाच दिवशी ऑर्डर झाली. पैसे गेल्यावर मी कुणालाच बोललो नाही. गावात लोक माझ्याकडे फॉर्म भरायला येतात, त्यांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. २६ तारखेला महाशिवरात्रीला देवळात आमच्या बांधाशेजारचे काका भेटले. खुशीत सांगत होते, "नाझर ऑफिसचा फोन आला होता परवा, ४१,००० भरले, आता आठ दिवसांत पैसे." मी तिथेच पायरीवर बसलो. तोच आवाज, तीच टीडीएसची भाषा. मी २० च्या संध्याकाळी गावच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या असत्या तर काकांचे पैसे वाचले असते. त्यांनी मला दोष दिला नाही. काकूंनी दिला, आणि तो बरोबर दिला.

अडकवलेले ११,३०० आपोआप परत आले नाहीत. त्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागला. केलाय. त्याचाही सोळा अक्षरांचा सीएनआर आलाय, दोनदा तारीख पडली.

मूळ रक्कम एप्रिलमध्ये आली. पासबुकाची प्रत, आधार, बंधपत्र, आणि वकिलांनी समोर उभं राहून ओळख पटवली. पैसे थेट आईच्या खात्यात जमा झाले. फोनवर कुणी एक रुपया मागितला नाही.

उरलेल्या १२ दरखास्तींत अजून ऑर्डर व्हायची आहे. त्यातल्या नऊ घरी मी स्वतः जाऊन आलो, काकांना सोबत घेऊन. तीन कुटुंबं पुण्याला ऊस-वाहतुकीच्या आणि बांधकामाच्या कामावर आहेत. त्यांचे नंबर मिळवतोय. कुणाकडे असतील तर मला कळवा.