दादरच्या एका वाचनालयाची कात्रणसेवा आणि गायकवाडांचे पाकीट

शिकवण्याच्या पेशातून विधिमंडळात गेलेल्यांवर आमच्या निवृत्त शिक्षकांच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायचा होता, म्हणून दादर स्थानकापासून पायी जाता येईल अशा एका जुन्या वाचनालयाची कात्रणसेवा, म्हणजे व्यक्ती आणि विषयांनुसार पाकिटांत ठेवलेली वृत्तपत्रांची कात्रणे वाचायला मिळण्याची सोय, मी चार दिवस वापरली. शुल्क दिवसाला 50 रुपये, झेरॉक्सचे पैसे वेगळे, आणि पाकिटे घरी नेता येत नाहीत. बाराच्या आधी गेल्यास खिडकीजवळची जागा मिळते. सोयींबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

पहिले पाकीट मागितले ते वर्षा गायकवाड यांचे. सिद्धार्थ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या या प्राध्यापिका 2004 मध्ये धारावीतून विधानसभेवर गेल्या आणि 2009, 2014 व 2019 मध्येही तेथूनच निवडून आल्या. हाती आलेल्या पाकिटावर मात्र नाव होते त्यांच्या वडिलांचे, एकनाथ गायकवाड यांचे. धारावीचे आमदार असलेल्या एकनाथरावांनी 2004 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर मध्य मतदारसंघात तत्कालीन लोकसभाध्यक्ष मनोहर जोशी यांचा पराभव केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कन्या धारावीतून उभी राहिली, हे सारे कात्रणे लावणाऱ्याने एकच प्रकरण मानले असावे. त्या वर्षापुरते ते समजण्यासारखे आहे. पण लेकीची 2009 ची कात्रणेही वडिलांच्याच पाकिटात का?

कात्रणे मात्र उत्तम राखलेली आहेत. प्रत्येकावर वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक शाईने लिहिलेला आहे, आणि पहिल्या पानापेक्षा आतल्या पानांवरच्या चार ओळींच्या बातम्या अधिक आहेत. मोबाइलवर शोधले की अलीकडचेच आधी समोर येते. येथे कारकीर्द ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने वाचता येते.

खरी अडचण आली ती डिसेंबर 2019 ते जून 2022 या, शालेय शिक्षणमंत्री म्हणून वर्षा गायकवाड यांच्या कारकिर्दीच्या काळात. शिक्षकी पार्श्वभूमीची कसोटी जर कुठे लागली असेल तर ती येथेच, आणि नेमके येथेच पाकीट रोडावलेले. शपथविधीचे एक छायाचित्र आणि दोन बातम्या, एवढाच ऐवज. ग्रंथपालबाईंना विचारले तेव्हा त्यांनी न कुरकुरता ‘परीक्षा’ असे लिहिलेले दुसरे जाडजूड पाकीट काढून दिले. करोनामुळे 2021 ची दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा नववीच्या अंतिम निकालाचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंचे 20 असे गुण धरण्याचे ठरले आणि निकाल 99.95 टक्के लागला, हा सारा तपशील त्यात होता. आयुष्यभर लाल पेनाने उत्तरपत्रिका तपासलेल्या माझ्यासारख्याला त्या टक्केवारीकडे पाहून आजही कसेसेच होते. पण शाळाच बंद असताना दुसरे काय करता आले असते, हेही मला सांगता येत नाही. निर्णय ‘परीक्षा’त आणि मंत्री ‘गायकवाड’मध्ये अशी विभागणी केल्यावर वाचकाच्या हाती कारकीर्द लागत नाही, निवडणुका तेवढ्या लागतात.

सूचिपत्रातही एक चूक सापडली. गायकवाड यांच्या नावाचे कार्ड ‘शिक्षक आमदार’ या मथळ्याखाली होते. शिक्षक आमदार म्हणजे विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघातून आलेला सदस्य. परिषदेच्या 78 जागांपैकी अशा 7 आहेत. त्यांचे मतदार माध्यमिक किंवा त्यावरील स्तरावर शिकवणारे शिक्षक असतात, उमेदवाराने मात्र शिक्षक असण्याची अट नाही. धारावीच्या सर्वसाधारण मतदारांनी निवडलेल्या प्राध्यापिकेची जागा त्या कार्डांत नव्हे. हे सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी ते कार्ड हलवलेले दिसले.

वर्षा गायकवाड 2024 मध्ये मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या आणि नोव्हेंबरात त्यांची बहीण ज्योती गायकवाड धारावीच्या आमदार झाल्या. त्यांचे पाकीट अद्याप केलेले नाही. ती कात्रणे हवी असल्यास खिडकीवर एकनाथरावांचेच नाव सांगावे.