जुन्या पेट्रोल गाडीसाठी आधी काय घ्यावे: कोड रीडर की मल्टिमीटर?

चेक इंजिनचा दिवा लागला की इंजिनच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारा, मोबाइलला जोडता येणारा स्वस्त ब्लूटूथ कोड रीडर मागवावा, असे बहुतेकांना वाटते. परंतु गाडी कोणत्या सालची आहे, हे आधी पाहिले पाहिजे. भारतात बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष नोंदवून प्रमाणित कोडांत सांगण्याची पद्धत) सक्तीचे झाले ते एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या काही गाड्यांत सोळा पिनांचे सॉकेट असते, तरीही आतली संदेशपद्धत कंपनीची स्वतःची असल्याने सर्वसाधारण रीडर जोडला जात नाही. मारुतीच्या जुन्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) इंजिनांपैकी अनेकांत तर रीडर लागतच नाही: सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या की दिवाच उघडझाप करून कोड सांगतो. एकदा आणि लगेच दोनदा लुकलुकला, तर १२, म्हणजे कोणताही दोष नोंदलेला नाही.

गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, आणि प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल असेल, तर रीडरच उपयोगी. पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड आला, तर इंजिन बंद करून पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी; पुन्हा चालवल्यावर पी०३०३ आला, तर कॉइल खराब, आणि पी०३०१ कायम राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळावे. येथे व्होल्टेज आणि विद्युत रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरवर विसंबू नये, कारण गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल थंड असताना अगदी योग्य रोध दाखवू शकते.

सेन्सरच्या कोडांत मात्र मी मल्टिमीटरच्या बाजूने आहे. पी०११८ दिसताच कूलंट तापमानाचा सेन्सर बदलण्याची घाई होते. वास्तविक तो कोड केवळ त्या सर्किटचा व्होल्टेज जास्त आहे, एवढेच सांगतो, आणि तुटलेली वायर किंवा हिरवट गंज चढलेली कनेक्टरची पिनसुद्धा नेमके तेच घडवते. सेन्सर काढून मोजावा: अनेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच किलो-ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम रोध मिळतो. तो बरोबर असेल, तर सेन्सर परत बसवावा, इग्निशन चालू ठेवून सुट्या कनेक्टरवर ५ व्होल्ट येतात का ते पाहावे, आणि तेही येत असतील, तर अर्थची वायर तपासावी. नव्या सेन्सरचे पैसे पुष्कळदा इथेच वाचतात.

गॅरेजमधला मोठा स्कॅनर इमोबिलायझर (चोरीविरोधी इंजिन-कुलूप) किंवा एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा) यांसाठी लागतो. त्यासाठी तपासणीचे पैसे देणे परवडते, तो विकत घेणे नाही.

म्हणून २०१३ च्या आधीच्या गाडीसाठी पहिली खरेदी मल्टिमीटरची करावी, आणि आपल्या मॉडेलवर चालतो याची खात्री झाल्यावरच, इंजिनची चालू आकडेवारी दाखवणारा रीडर घ्यावा. कोणतेही साधन वापरले, तरी कोड पुसण्यापूर्वी तो फ्रीझ फ्रेमसह वहीत उतरवून ठेवावा, कारण दोष उद्भवला तेव्हाचे इंजिनचे तापमान आणि वेग त्या नोंदीतच असतात आणि कोडबरोबर तीही पुसली जाते.