जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक पॅड आणि ‘शिल्लक साठ्या’चे आमिष

जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक पॅड घरीच बदलणाऱ्यांनी ‘नामांकित उत्पादकाचा जुना, न वापरलेला, शेवटचा शिल्लक संच’ अशी जाहिरात दिसल्यास तूर्त पैसे भरू नयेत. माझ्याकडील गाडी माझदा एमएक्स-५ आहे, १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीतली. तिच्या मागच्या चाकांसाठी मागवलेला असाच संच नकली निघाला.

खोके निर्दोष होते आणि भाग क्रमांकही बरोबर होता. गाडीवर बसवल्यानंतर मात्र ब्रेक दाबताच खरखर येऊ लागली, जळका वास जाईना, आणि चाक उतरवून पाहिले तेव्हा पॅडवरील घर्षणाचा थर कडेने भुगा होऊन गळत होता, तर डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीवर) खोल चरे पडले होते. संचातील पॅड शेजारी ठेवून पाहिल्यावर लबाडी उघड झाली. अनेक उत्पादक पॅडच्या कडेवर घर्षणाची दोन अक्षरे छापतात. पहिले अक्षर थंड पॅडचे, दुसरे तापलेल्या पॅडचे, आणि ‘एफ’ म्हणजे घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.३५ ते ०.४५; ‘ई’ म्हणजे त्याहून कमी. एकाच संचातील एका पॅडवर ‘एफएफ’ आणि दुसऱ्यावर ‘ईएफ’ असे छापलेले होते. एकाच आसावरच्या चाकांसाठी असे वेगवेगळ्या पकडीचे पॅड जबाबदार उत्पादक सहसा देत नाही. शिवाय पाठीच्या पोलादी पट्टीच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्याही नव्हत्या.

खरी फसवणूक तक्रारीनंतर सुरू झाली. विक्रेत्याचे पहिले उत्तर असे, की नवे पॅड सुरुवातीला वास मारतातच. हे अर्धसत्य आहे, कारण पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळेपर्यंत थोडा वास येतो. थर गळून पडत नाही. दुसरे उत्तर असे, की एकदा बसवलेला माल परत घेतला जात नाही. म्हणजे जो दोष बसवल्याशिवाय दिसतच नाही, तो दिसताक्षणी हक्क संपला! तिसरा आरोप असा, की काम घरी केल्यामुळे पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) विशेष हत्याराने फिरवून आत नेलेला नसणार आणि म्हणून पॅड घासत राहिले. घरी काम करणारा ग्राहक अशा विक्रेत्यांना आवडतो तो याचसाठी: त्याच्याकडे गॅरेजची पावती नसते आणि प्रत्येक दोष त्याच्या हातावर ढकलता येतो.

या आरोपानेच विक्रेता उघडा पडला. या गाडीच्या मागच्या कॅलिपरमधील (पॅड धरून ठेवणाऱ्या भागातील) पिस्टन फिरवून आत न्यायचा नसतोच. मागचा छोटा बोल्ट काढून आतला स्क्रू ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने (षट्कोनी चावीने) उलट्या दिशेने फिरवला, की पिस्टन मागे सरकतो. ती पायरी, पॅडच्या कडांवरील अक्षरे, खोक्याचे सर्व बाजूंचे छापील मजकूर आणि मूळ जाहिरात यांची छायाचित्रे माझ्याकडे होती, आणि उत्पादकाकडूनही तो संच आपला नसल्याचे लेखी उत्तर आले. हे सर्व पुरावे, पैसे ज्या सेवेमार्फत भरले होते तिच्याकडे सादर केल्यावर रक्कम परत मिळाली. मध्यंतरी विक्रेत्याने पॅड ‘तपासणीसाठी’ परत मागितले होते. ते पाठवले असते, तर हातातला प्रत्यक्ष पुरावा गेला असता. परत मिळालेली रक्कम फक्त पॅडची होती. डिस्क घासून सरळ केल्यास जाडी किमान मर्यादेखाली जात होती, त्यामुळे दोन्ही बदलाव्या लागल्या आणि तो खर्च विक्रेत्याने अखेरपर्यंत नाकारला.