जुन्या स्कॅम्पच्या गळतीवर ब्यूटिल टेप: ५ पैकी ४ तारे, पण आधी सिलिकोन खरवडा

१९६८ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये जन्मलेला बोलर काय किंवा अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या बॅकसचा १३ फुटी स्कॅम्प काय, गाडीमागे ओढून नेण्याच्या, आत राहता येणाऱ्या या छोट्या ट्रेलरांच्या छताला सांधा नसतोच. फायबरग्लासची दोन कवचं, एक वरचं आणि एक खालचं, कमरेशी जोडलेली. त्यामुळे गळतं ते बहुतेक वेळा माणसाने भोक पाडलंय तिथेच: खिडक्या, छतावरचा व्हेंट (हवा खेळायचा झरोका), दिवे, आणि आतली कपाटं धरून ठेवणारे रिव्हेट. यातल्या पहिल्या तिघांसाठी ब्यूटिल टेपइतकी, म्हणजे फटी बुजवणाऱ्या चिकट रबरी पट्टीइतकी, चांगली वस्तू नाही. चौथ्यासाठी ती निरुपयोगी आहे.

घ्यायची ती पाऊण किंवा एक इंच रुंद, एक अष्टमांश इंच जाड, करड्या रंगाची. ३० फुटी रोल साधारण दहा डॉलरच्या आसपास मिळतो. दुकानात शेजारच्याच फळीवर पुट्टी टेप असते, दिसायला अगदी जुळी बहीण. ती घेऊ नका. तिच्यातलं तेल काही वर्षांत सुकतं, मग तिला भेगा पडतात. ब्यूटिल वर्षानुवर्षं चिकट आणि लवचिक राहतं, म्हणून उन्हाने आणि प्रवासाच्या हादऱ्यांनी चौकट हलली तरी सील टिकतं. १४ इंची व्हेंटच्या चौकटीला साडेपाच-सहा फूट लागते. खिडक्यांचा परीघ मोजून त्यात दहावा हिस्सा वाढवून धरा.

एक तारा कापलाय तो तयारीच्या कटकटीसाठी. जुन्या ट्रेलरवर आधीच्या मालकाने फटी बुजवायला सिलिकोन फासलेलं असतंच, आणि सिलिकोनवर काहीच धरत नाही, नवं सिलिकोनसुद्धा नाही. प्लास्टिकच्या पात्याने खरवडा, सिलिकोन काढायचं द्रावण लावा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग पाण्याचा हात फिरवा. पाणी थेंबाथेंबाने गोळा होऊन ओघळलं तर तिथे सिलिकोन अजून आहे. एका खिडकीचा अर्धा दिवस यातच जातो, लावायला मात्र अर्धा तास पुरतो.

खिडकी काढताना बाहेर कुणीतरी धरायला हवंच. आतली रिंग सुटली की सगळी चौकट बाहेर पडते. टेप कवचावर नाही, चौकटीच्या कडेवर लावा. कोपऱ्यात ताणू नका, ताणली की पातळ होते आणि गळती नेमकी तिथेच सुरू होते. दोन टोकं खालच्या बाजूला जुळवा, वर कधीच नाही. पाठीवरचा कागद चौकट जागेवर बसवण्याच्या क्षणापर्यंत राहू द्या. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. ब्यूटिल सावकाश सरकतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी, आणि टेप कडेने बाहेर येणं थांबेपर्यंत असंच. पहिल्याच दिवशी जोर लावला तर ॲल्युमिनियमची चौकट वाकते. थंडीत टेप दगडासारखी होते. मिनेसोटाच्या एप्रिलमध्ये हे काम करायचंच असेल तर हेअर ड्रायर जवळ ठेवा. आतलं फोमचं अस्तर बदललेलं असेल तर भिंतीची जाडी बदलते, तेव्हा स्क्रूची लांबी पुन्हा तपासा.

बाहेर आलेली कड प्लास्टिकच्या सुरीने कापा. सुरी साबणाच्या पाण्यात बुडवली की चिकटत नाही. उरलेले डाग मिनरल स्पिरिटने निघतात. चौकटीच्या तळाशी पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती बुजवलीत तर पाणी आतच साचेल आणि दोष टेपला द्याल. आणि वरून ‘खात्रीसाठी’ सिलिकोनची रेघ ओढायची हौस आवरा.

व्हेंटचं थोडं वेगळं. जुन्या स्कॅम्पचं छत व्हेंटभोवती बसतं आणि तिथे डबकं होतं. थोडी फट टेपच्या दोन थरांनी भरते. त्याहून जास्त खोल असेल तर आतून ॲल्युमिनियमची आडवी पट्टी देऊन छत आधी उचलावं लागतं. नुसती टेप वाढवत नेणं म्हणजे वाकलेल्या वाशावर नवी कौलं चढवणं.

रिव्हेटना टेप नकोच. ढिला रिव्हेट ड्रिलने काढून त्याच मापाचा नवा घालावा आणि डोक्याखाली पॉलियुरेथेन सीलंटचा ठिपका द्यावा. वरची प्लास्टिकची टोपी शोभेची, ती पाणी अडवत नाही. मात्र बोटींसाठी मिळणारा कायमचा चिकटणारा सीलंट खिडक्यांना लावू नका, पुढच्या वेळी चौकटीबरोबर जेलकोटही (फायबरग्लासवरचा गुळगुळीत थर) निघून येईल.

टेप लावण्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधायलाच हवं, कारण पाणी कवच आणि अस्तर यांच्या मधून उतरतं आणि भलतीकडे दिसतं. दाराजवळची कुजलेली प्लायवूडची फरशी पुष्कळदा वरच्या खिडकीचं पाप फेडत असते. एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, खालून वर सरकत, प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर एकदम सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. पाइपला जोराचं नोझल लावू नका, पाऊस तसा पडत नाही.

उरलेला रोल उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका. टेप कागदाच्या कडेने ओघळते आणि पुढच्या खिडकीच्या वेळी कागद सुटता सुटत नाही.