टोन कपॅसिटर निवडताना: ०.०२२ की ०.०४७, सिरॅमिक की फिल्म?

गिटारचा टोन नॉब तुम्ही कायम १० वरच ठेवत असाल, तर कपॅसिटर (नॉब खाली आणला की आवाजातला ट्रेबल गाळणारा छोटा भाग) बदलण्याचा विचार सोडून द्या. तिथे पॉटचा (नॉबखालच्या फिरवून बदलता येणाऱ्या रोधाचा) २५० किंवा ५०० किलोओहमचा सगळा रोध कपॅसिटरच्या वाटेत उभा असतो. मग ०.०२२ मायक्रोफॅरड काय आणि ०.१ काय, कानाला काही कळत नाही. आवाज आणखी उजळ हवा असेल तर पॉट बदला. निवडीचा प्रश्न आहे तो नॉब खाली आणून वाजवणाऱ्यांचा.

त्यांच्यापुढे दोन गोष्टी असतात: किती मायक्रोफॅरडचा घ्यायचा आणि कोणत्या जातीचा. वाद जातीवरून रंगतात, फरक मात्र आकड्यानं पडतो.

आकडा

नॉब शून्यावर आला की पॉटचा रोध जवळपास संपतो आणि कपॅसिटर थेट पिकअपला (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या तारेच्या गुंडाळीला) समांतर येतो. पिकअपचं इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला गुंडाळीचा होणारा विरोध) आणि कपॅसिटर मिळून एक नवा अनुनाद तयार होतो. त्या कंप्रतेपाशी आवाज थोडा फुगतो आणि तिच्या वरचं सगळं झपाट्यानं गळतं. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटच्या (स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) सिंगल कॉइलचं (एका गुंडाळीच्या पिकअपचं) इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री धरलं, तर ०.०२२ ला ही कंप्रता ६९० हर्ट्झच्या आसपास पडते, ०.०४७ ला ४७० आणि ०.१ ला ३२५.

हे आकडे तारांवर लावून बघा. पहिली तार मोकळी वाजवली की ३३० हर्ट्झ, बाराव्या फ्रेटवर दाबली की ६६०. ०.०२२ असेल तर बाराव्या फ्रेटवरचा स्वर जवळपास त्या फुगवट्यातच बसतो. सोलो गोल होतो, किंचित नाकातला होतो, पण मागे पडत नाही. ०.०४७ ला तोच स्वर उतारावर जातो; कॉर्ड मऊ आणि दबक्या येतात, जॅझच्या साथीला हे चांगलं. ०.१ ला तर पहिल्या तारेच्या मोकळ्या स्वरापासूनच कात्री लागते आणि फुगवटाही जवळपास उरत नाही, सगळं शेजारच्या खोलीतून ऐकू यावं तसं. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये ०.१ च होता. पुढे फेंडर ०.०५ वर आली आणि आज तिच्या अनेक मॉडेलांत ०.०२२ सापडतो. माझ्या मते ही उतरण योग्यच होती.

हंबकरचं (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचं) गणित वेगळं. जुन्या धाटणीच्या हंबकरचं इंडक्टन्स साडेचार हेन्रीच्या घरात असतं, त्यामुळे ०.०२२ ला कंप्रता ५१० हर्ट्झला येते, म्हणजे सिंगल कॉइलवर ०.०४७ लावल्यावर येते जवळपास तिथेच. ‘सिंगल कॉइलला ०.०४७, हंबकरला ०.०२२’ या रूढ नियमामागचं गणित इतकंच. हंबकरला ०.०४७ लावाल तर ३५० हर्ट्झपासून चिखल. उलट नेकचा (गिटारच्या मानेजवळचा) हंबकर आधीच गढूळ वाटत असेल, तर ०.०१५ किंवा ०.०१० लावून बघा. लेस पॉलसारख्या गिटारला दोन टोन नॉब असतात, तिथे नेकला ०.०१५ आणि ब्रिजला (तारा टेकतात त्या टोकाजवळच्या पिकअपला) ०.०२२ ही माझी आवडती जोडी.

नॉब ६-७ च्या खाली न नेणाऱ्यांनी फार डोकं शिणवू नये. १ किलोहर्ट्झला ०.०२२ चा अडथळा सुमारे ७ किलोओहम आणि ०.०४७ चा साडेतीन; पॉटचा उरलेला रोध याच्या कितीतरी पट असतो. दोन्हींतला फरक खऱ्या अर्थानं शेवटच्या टप्प्यातच उघडा पडतो. बेसला ०.०४७ रूढ आहे, तोच ठेवा.

जात

सिरॅमिक डिस्क चिमुकली, स्वस्त आणि उगाच बदनाम. तिचा खरा दोष अचूकपणाचा: काही प्रकारांत छापील आकड्यापेक्षा ८० टक्के जास्त किंवा २० टक्के कमी चालवून घेतलेलं असतं. म्हणजे ०.०२२ लिहिलेली डिस्क मोजली तर ०.०३५ सुद्धा निघू शकते. ती काढून ५ टक्क्यांतला पॉलिप्रॉपिलीन (प्लॅस्टिकच्या फिल्मचा) लावला की आवाज बदलतो, आणि श्रेय जातं पॉलिप्रॉपिलीनला. बदललेला असतो आकडा. पॉलिस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन फिल्ममध्ये, मोजलेला आकडा सारखा असेल तर, निवड करायला मला कारण दिसत नाही.

तेलात बुडवलेल्या कागदाचे कपॅसिटर सर्वांत महाग. १९५० च्या दशकातल्या लेस पॉलमधल्या स्प्रेगच्या पट्टेरी ‘बंबलबी’मुळे त्यांना वलय आलं. गंमत अशी, की त्याच्या नव्या नकलांपैकी काहींच्या कवचातून साधा फिल्म कपॅसिटर निघाला आहे आणि तोवर कोणाचा कान खटकला नव्हता. जुनी गिटार मूळ रूपात राखायची असेल तर कागदाचा घ्या, आवाजासाठी नको.

व्होल्टेजलाही भुलू नका. ४०० किंवा ६०० व्होल्टचे जाडजूड नग व्हॉल्व्ह अँपसाठी असतात. गिटारच्या सिग्नलला ५० व्होल्टचा भरपूर झाला आणि तो खाचेत सुखानं बसतो.

ठरवायचं कसं

सोल्डरिंगची घाई करू नका. जुना कपॅसिटर सोडवा, त्याच्या जागी दोन वायरी जोडून बाहेर काढा आणि त्यांना क्रोकोडाइल क्लिपा लावा. मग २२३, ३३३, ४७३ छापलेले फिल्म कपॅसिटर (म्हणजे ०.०२२, ०.०३३, ०.०४७) पाळीपाळीनं अडकवून नेहमीच्या अँपवर, नेहमीच्या आवाजात वाजवा. अदलाबदल दुसऱ्या कोणाला करू द्या आणि तुम्ही पाठ फिरवून बसा. दोन आकड्यांत मन अडलं तर लहान घ्या.

तक्रार व्हॉल्यूम कमी केल्यावर ट्रेबल हरवण्याची असेल, तर मात्र यातला कुठलाच कपॅसिटर कामाचा नाही. टोनची जोडणी व्हॉल्यूम पॉटच्या पिकअपकडच्या टोकावरून काढून मधल्या, आउटपुटच्या टोकावर न्या. ५० च्या दशकातली ही वायरिंग करायला एक वायर हलवावी लागते, नवा भाग एकही लागत नाही.