लेव्हिटाउनचं ‘केप कॉड’ घर : घेण्याआधी फरशी तपासा

दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या नव्या संसारांसाठी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउन या नव्या वस्तीत 1947 पासून ही ‘केप कॉड’ धाटणीची, म्हणजे उतरत्या छपराची छोटी घरं उभी राहिली. सुमारे 750 चौरस फूट, दोन झोपायच्या खोल्या, एक न्हाणीघर, वर अर्धवट सोडलेला माळा. तेव्हा भाडं होतं महिना 60 डॉलर. बाळाच्या पाळण्याची सोय माळ्यावर नंतर करता येते, जिना आधीच दिलाय. हे डोकं उत्तम.

तळघर मात्र नाही. थेट काँक्रीटच्या पायावर घर, त्यात पुरलेल्या तांब्याच्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं. थंडीत अनवाणी चालायला सुख! पण काही वर्षांनी नळ्या गंजून गळतात. एकच लादी तापते, बॉयलरचा दाब वारंवार उतरतो, तर गळती समजा. काँक्रीट फोडून एक भोक बुजवलं की दुसरं फुटतं. भिंतीलगत खोली तापवणारे नवे रेडिएटर बसवून जुन्या नळ्या बंद करणंच परवडतं. फरशीत ड्रिल तर चालवूच नका.

एक गोष्ट अक्षम्य : सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणाला राहू देण्यास बंदी होती. तीच लढाई लढून आलेल्या कृष्णवर्णीय जोडप्याला दार बंद.